आतेनं न घेतलेला चहा

ताडगोळे दिसले की माझे कान गरम होतात. कुणाला सांगून खरं वाटत नाही. मे महिन्यात पेणहून रोह्याकडे येताना रस्त्याच्या कडेला बायका टोपल्या मांडून बसलेल्या असतात. नवरा गाडी हळू करतो, "घ्यायचे का?" म्हणून विचारतो, आणि मी उगाचच दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायला लागते. त्या बिचाऱ्या फळाचा यात काही दोष नाही. दोष असलाच तर एका मे महिन्याचा आहे. बारावीची परीक्षा देऊन मी घरी बसले होते आणि घरच्या मंडळींनी माझ्यासाठी कॉलेज बघितलं. म्हणजे अगदी मुलीचं सासर बघतात तसं, रीतसर.

आमच्या पेण तालुक्यात मे महिना पांढरा असतो. खाडीकाठच्या आमच्या गावात मिठाच्या राशी उभ्या राहिलेल्या असतात आणि दुपारी त्यांच्याकडे बघवत नाही. बाबा मिठागरात कामाला होते. ते घरी आले की भुवयांवर मीठ असायचं, आणि आई म्हणायची, "आधी तोंड धुवा, मंग बोला." पेण गावात गेलं तर गणपतीच्या कारखान्यांच्या अंगणात न रंगवलेले गणपती रांगेनं वाळत उभे असायचे, शेकड्यांनी, डोळे नसलेले. गच्च्यांवर पोह्याचे पापड असायचे. आता इथे एखाद्याला बारावी झालेल्या पोरांची आणि रंग न दिलेल्या मूर्तींची तुलना करायची हुक्की येईल. मी करणार नाही. आम्ही मूर्तींइतके शांत कधीच नव्हतो.

आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी शेवटच्या तासाला सांगितलं होतं, "रिझल्ट लागल्यावर पळापळ करू नका. आत्ताच चार कॉलेजं बघून या. तिथल्या मुलांशी बोला, शिक्षकांशी बोला. मगच ठरवा." रोह्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला केमिस्ट्री चांगली शिकवतात असंही ते म्हणाले. माझे मामा रोह्याला लागूनच वरसेत राहायचे आणि धाटावच्या रसायनांच्या कंपनीत होते, त्यामुळे राहण्याची सोय होती. मी मनातल्या मनात सगळं ठरवूनही टाकलं. मैत्रिणीबरोबर सकाळची गाडी पकडायची, केस मोकळे सोडायचे, कॉलेजच्या पायऱ्यांवर जरा बसायचं, स्टेशनवर वडापाव खायचा आणि परत यायचं. रात्री जेवताना मी हे घरात बोलले, आणि तिथेच घोटाळा झाला, कारण समोर आते बसली होती.

आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, माहेरी परतली आणि बघता बघता आमच्या घरची कारभारीण झाली. भावकीतल्या प्रत्येक मुलीचं सासर आधी आते बघून यायची. तिची पद्धत ठरलेली होती. पाच माणसं घेऊन जायचं. गेल्या गेल्या आधी पाणी बघायचं, मग मागचं दार. बोलायचं ते सासूशी नाही, घरातल्या सुनेशी. आणि शेवटी चहा. घर पसंत असेल तर चहा घ्यायचा आणि पिशवीतला नारळ काढून तिथल्या देवापुढे ठेवायचा. पसंत नसेल तर "आत्ताच घेतला" म्हणून उठायचं. आमच्या खाडीच्या पट्ट्यात एवढ्यावर सगळ्यांना सगळं कळायचं. तोंडावर नाही म्हणायची वेळच यायची नाही.

"तीन वर्सं पोर दुसऱ्याच्या दारात जानार," आते म्हणाली, "घर नको बघाया?"

"बाय गो, ते कॉलेज हाय, सासर नाय," बाबा म्हणाले.

"मंग तर जास्तच बघाया पायजे. सासरी निदान नवरा तरी असतो, आपला म्हनाया."

बाबा भात कालवायला लागले. माझ्याकडे उत्तर होतं, पण आतेपुढे बोलायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. ती "चला" म्हणाली तर मी कॉलेजात जाणार होते आणि ती "नको" म्हणाली तर पेणच्या एखाद्या दुकानात नाहीतर कुणाच्या तरी घरात. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या एका बाईच्या चहावर येऊन बसलं होतं.

गाडीत आम्ही चौघं होतो, आते, बाबा, काकी आणि मी. आतेनं लग्नकार्याचं लुगडं काढलं होतं, अंबाडा घट्ट बांधला होता आणि मांडीवर नारळाची पिशवी. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कासू गेलं, नागोठणं गेलं, तशी आते डब्यातल्या अनोळखी बाईला सांगायला लागली, "हिच्यासाठी कॉलेज बघाया चाललोय." ती बाईही तयारीची. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "होईल, होईल." रोहा स्टेशनवर पाचवं माणूस म्हणून मामा येऊन मिळाले. पहिली शिफ्ट संपवून थेट कंपनीच्या कपड्यांतच आले होते आणि त्यांच्या अंगाला धाटावचा तो आंबूस वास येत होता.

कॉलेजात कुणाच्या तरी प्रॅक्टिकलच्या परीक्षा चालू होत्या. व्हरांड्यात पांढरे अ‍ॅप्रन घातलेली मुलं-मुली घोळक्यानं उभी होती. त्यांच्या मधून आमची वरात निघाली. आते सरळ पाण्याच्या टाकीकडे गेली, नळ सोडला, ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं, जिभेला लावलं आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पानी गोड हाय!" आमच्या गावच्या विहिरी मचूळ, त्यामुळे तिच्या लेखी ही केवढी मोठी गोष्ट होती. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग ती मुलींच्या संडासात गेली. दार आतून लावून बघितलं, उघडलं, पुन्हा लावलं. बाहेर येऊन मामांना म्हणाली, "कडी बसत नाय." अ‍ॅप्रनवाल्या एका मुलीला तिनं थांबवलं, "काय गो, इथं जीव रमतो का तुजा?" ती मुलगी तोंडाला रुमाल लावून पळाली. मी भिंतीवरच्या नोटिसा वाचत होते. आजही मला त्यातली एक ओळ आठवत नाही, फक्त टाचणीला धरलेला गंज आठवतो. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, पण माझी तेवढीही अपेक्षा नव्हती. निदान एखादी वर्गखोली उघडी मिळाली असती तरी चाललं असतं.

शेवटी केमिस्ट्रीच्या मॅडमच बाहेर आल्या. सडपातळ, चष्मा नाकावर, पदर खोचलेला. आतेनं त्यांना विचारलं, "तुमी कुठल्या? मुलं किती? घर सांबालून हे जमतं?" मी डोळे मिटून घेतले. मॅडमनी मात्र एकेका प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं, खुर्च्या मागवल्या आणि शिपायाला चहा सांगितला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"आणि तू? तुला काय विचारायचंय?"

मी काहीच बोलले नाही.

"बरं, केमिस्ट्रीच का घ्यायचीय?"

"सरांनी सांगितलं," मी म्हणाले.

मॅडमनी चष्मा वर सरकवला. त्यांना वाटलं असावं, पुढे आणखी काही येईल. काही येणार नव्हतं, कारण माझ्याकडे काही नव्हतंच. केस मोकळे सोडायचे आणि पायऱ्यांवर बसायचं, एवढीच माझी तयारी होती. चहा आला. बशीत ग्लुकोजची बिस्किटं होती. आतेनं माझ्याकडे बघितलं, मग कपाकडे बघितलं.

"आत्ताच घेतला," ती म्हणाली आणि उठली.

पाच खुर्च्या एकदम सरकल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. नारळ पिशवीतच राहिला.

स्टेशनवर परतीच्या गाडीला वेळ होता. आतेनं ताडगोळे घेतले आणि फलाटावर फतकल मारून सोलायला बसली. मला राहवलं नाही. "काय वाईट होतं गो तिथं? कडी बसत नाय म्हणून?" मी रडत होते, आणि रडताना आपला आवाज पातळ होतो याचीही मला लाज वाटत होती.

"घर चांगलं हाय," आते म्हणाली. "बाई तर लय चांगली हाय. पोरच तयार नाय."

मी नाक ओढलं.

"पाच मानसं आलो. मी तोंड उघडलं, त्या बाईनं उघडलं. तिथं ऱ्हायाचं कुनाला? तुला. आनि तूच मुकी. अशी पोर मी कुनाच्या घरात देवत नाय." असं म्हणून तिनं एक सोललेला ताडगोळा माझ्या हातावर ठेवला. मी चावला तसं त्यातलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. ते पुसलंही नाही मी.

तोवर मला त्यांची लाज वाटत होती. लुगड्याची, मोठ्या आवाजाची, मामांच्या कपड्यांच्या वासाची. त्या फलाटावर त्या लाजेनं एकदम तोंड फिरवलं आणि ती माझ्याकडे बघायला लागली. ही दुसरी लाज पहिलीपेक्षा फार वाईट असते. पहिलीत निदान दुसऱ्यावर चिडता येतं.

आतेनं दार कायमचं लावलं नव्हतं एवढंच खरं. "तयार झालीस का सांग, पुन्यांदा जाऊ," म्हणाली. मी दुसऱ्याच दिवशी कपडे पिशवीत भरून वरसेला मामांकडे जाऊन राहिले. तिथे पहाटे कंपनीच्या बसचे हॉर्न ऐकू यायचे आणि वारा फिरला की कुंडलिका नदीवरून तो आंबूस वास घरात यायचा. मामी म्हणायची, "वास नको, पगार हवा, असं कसं चालेल?" शेजारी एक ताई राहायच्या, धाटावच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला. त्या शिफ्टवरून आल्या की मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. तुम्ही दिवसभर नक्की करता काय? उभं राहून पाय दुखतात का? बी.एस्सी.त शिकलेलं इथे काय कामाला येतं? पहिल्या दिवशी त्या वैतागल्या. नंतर नंतर पोळ्या लाटता लाटता सांगायला लागल्या. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "आपण काचेच्या नळीतून खालच्या आम्लात थेंब थेंब सोडत राहतो, आणि एक थेंब असा पडतो की सगळं गुलाबी होतं. त्या थेंबाला हात थांबला पाहिजे. आमच्या कॉलेजात सर करून दाखवायचे, आम्ही नुसतं बघायचो. माझा हात इथे येऊन शिकला." मला त्या रात्री झोप लागली नाही. मला तो गुलाबी रंग बघायचा होता. आयुष्यात पहिल्यांदा, कुणी सांगितलं म्हणून नव्हे, मला काहीतरी हवं होतं.

दुसऱ्या खेपेला पुन्हा पाचजण गेलो. यावेळी मॅडमनी विचारायच्या आधीच मी बोलले. "मॅडम, इथं प्रॅक्टिकल स्वतःच्या हातानं करायला मिळतं का, की नुसतं बघायचं?" माझे कान तेव्हाही गरम झाले होते, पण प्रश्न बाहेर पडला. मॅडमनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आतेकडे, मग किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि आम्हाला सगळ्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. कपाटं उघडून दाखवली. एका बाटलीच्या वासानं आतेला सटासट शिंका आल्या. तिथल्याच उंच स्टुलावर ती कशीबशी चढून बसली, नाक पुसलं आणि म्हणाली, "बाई, चा सांगता ना?"

तिनं तो चहा बशीत ओतून, फुंकर मारून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. देव कुठे दिसला नाही म्हणून नारळ तिनं टेबलावर, काचेच्या नळ्यांच्या शेजारी ठेवला.

आता मी त्याच कॉलेजात शिकवते. मॅडम निवृत्त झाल्या. आतेला जाऊनही बरीच वर्षं झाली. दरवर्षी परीक्षांच्या आधी मी पेणच्या आसपासच्या शाळांमधून दहावी-बारावीच्या मुलांशी बोलायला जाते, आणि ही गोष्ट सांगते. पाणी हुंगण्याची नक्कल करते, "कडी बसत नाय" हे आतेच्या आवाजात म्हणते, मुलं बाकांवर हात आपटून हसतात. शेवटी मी म्हणते, "आमचं कॉलेज बघायला या. घर बघतात तसं बघा. प्रश्न घेऊन या." टाळ्या पडतात. मग शाल आणि एक छोटी गणपतीची मूर्ती मिळते. पेणकडच्या शाळा दुसरं काय देणार? स्टाफरूममधल्या माझ्या कपाटावर अशा मूर्तींची एक ओळ झाली आहे. त्या गोष्टीत मी एक शब्दही खोटा सांगत नाही. ती इतकी छान जमली आहे की सांगता सांगता मी स्वतःच तिच्यावर खूश असते.

या मे महिन्यात साक्षी आली.

खाडीकडच्याच एका शाळेत, मागच्या बाकावर बसून माझं भाषण ऐकलेली मुलगी. बरोबर आई आणि वडील. वडील पेणच्या गणपतीच्या कारखान्यात काम करतात. नखांच्या कडांना माती वाळून पांढरी झाली होती. त्यांना व्हरांड्यात बघितलं तेव्हा मला खरंच आनंद झाला. आईनं नळाचं पाणी ओंजळीत घेतलं तेव्हा मला हसूही आलं. मग ती मुलींच्या संडासाकडे गेली. परत आली आणि नवऱ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. दार नवीन आहे, फरशी नवीन आहे. कडी अजून बसत नाही. मला माहीत होतं. मी स्वतः रोज एका हातानं दार धरते. इतकी वर्षं त्या कडीवर मी शाळाशाळांतून हशा घेतला, पण एका सुताराला बोलवावं असं मला कधी सुचलं नव्हतं.

मी खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि घाईघाईनं साक्षीला म्हणाले, "विचार, काय विचारायचंय ते." मुलगी ताठ बसली होती. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मॅडम, तुमच्याकडं शिकून गेलेल्या मुली आता कुठं हायत?"

"आपले विद्यार्थी वेगवेगळ्या क्षेत्रांत कार्यरत आहेत," मी म्हणाले. हे वाक्य आमच्या माहितीपत्रकात आहे. मीच लिहिलंय.

"म्हणजे कुठं?"

तिच्या आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता. मीच तिला प्रश्न घेऊन यायला सांगितलं होतं. मी आठवायला लागले. एकीचा हात प्रॅक्टिकलला कधी हलायचा नाही, तो गुलाबी थेंब तिला पहिल्या फटक्यात सापडायचा. ती धाटावला लागली का? माहीत नाही. एकीनं लग्नाची पत्रिका पाठवली होती, मला जायला जमलं नाही. एक मुलगी मला मागच्या वर्षी रोह्याच्या बाजारात मोबाईलच्या दुकानात काउंटरमागे दिसली होती. मला बघून ती पटकन खाली वाकली, काहीतरी पडल्यासारखं करून. तिला अवघडायला नको म्हणून मी पुढे निघून गेले, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे माझेच कान गरम झाले होते. तिला मी काय विचारणार होते? केमिस्ट्रीचं काय झालं?

"मला माहीत नाही," मी साक्षीला म्हणाले.

तेवढ्यात चहा आला. कप टेबलावर ठेवल्याचे आवाज झाले. वडिलांनी मुलीकडे बघितलं. मुलीनं कपाकडे बघितलं. मला पुढचं कळलं होतं. तरी आशा सुटत नाही माणसाची. मी बिस्किटांची बशी त्यांच्याकडे सरकवली.

"आत्ताच घेतला, मॅडम," ते म्हणाले. अगदी मऊ आवाजात. खुर्च्या सरकल्या.

मी तिथेच बसून राहिले. तिन्ही कपांवर साय धरायला लागली. समोर कपाटावर त्या मूर्तींची ओळ होती. स्टाफरूमच्या पंख्याखाली मला दरदरून घाम आला. लाजेनं घाम येतो हे मी विसरून गेले होते. मग एकदम आतेचा तो ताडगोळा आठवला, आणि त्या बाईनं माझ्यापुढे दार किलकिलं ठेवलं होतं ते आठवलं. मी चप्पल नीट न अडकवताच पळत सुटले.

ते फाटकापाशी रिक्षाची वाट बघत होते. ऊन रणरणत होतं. साक्षीच्या आईनं तिच्या डोक्यावर पदर धरला होता. मला धाप लागली होती आणि कॉलेजातली प्राध्यापिका अशी पळत आलेली बघून रिक्षावालाही बघत राहिला. बघू दे म्हटलं.

"दादा," मी वडिलांना म्हणाले, "तुमची पोर तयार आहे. आमचं घरच तयार नाही. मी त्या मुलींना शोधते. एकेकीला फोन करते, नाहीतर घरी जाते. ज्या बोलायला तयार होतील त्यांना इथे बोलावते. कुठे आहेत, कुठे पोहोचल्या नाहीत, सगळं त्याच हिला सांगतील. कडी तर मी उद्याच बसवते. अ‍ॅडमिशन सुरू व्हायच्या आत एकदा पुन्हा बघायला या."

त्यांनी अंगठ्यानं नखातली माती खरवडली, मुलीकडे बघितलं. साक्षीनं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग तिनं वडिलांकडे बघून मान डोलावली.

"येऊ," ते म्हणाले. "चा तवाच घेऊ."